सेतूच्या मापाची पगडी

ओल्या कापडाचा वेढा कपाळावर घट्ट बसला, आणि त्याच वेळी स्टेशनाच्या बाजूने घंटा वाजली. सेतूने उजवीकडे

नाही. मान वळवायची नाही.

मग समोर. समोर दार, दाराच्या चौकटीत मावेल तेवढा रस्ता, आणि पलीकडच्या दुकानात उन्हात मांडलेल्या पितळेच्या समया. चौकटीत येईल ते डोळ्यांचं. उरलेलं सगळं कुंभकोणम कानांनी ओळखायचं.

मागे व्यंकोबा होता, थोरला भाऊ. त्याचे हात तेवढे कळत. भाताच्या खळीत भिजवलेली मलमल तो पिळायचा, ओढायचा, धाकट्याच्या डोक्याभोवती चढवायचा. घराणं पगडबंदांचं. तंजावर खालसा झालं आणि दरबाराबरोबर पगड्या बांधून घेणारी डोकीही गेली. मग इतक्या वर्षांनी तालुका बोर्डाने मनावर घेतलं. शिपायांच्या पगड्या मद्रासेहून कशाला आणायच्या? आपल्या कारागिरांच्या चुली पेटू देत. नमुन्याची पगडी साहेबाला पसंत पडली. ती सेतूच्या डोक्यावर बांधलेली होती. सगळ्या हुबेहूब अशाच हव्यात, असा निरोप आला.

तेव्हापासून सेतू बसला होता.

खळ वाळेपर्यंत हलायचं नाही, हललं की पीळ सुटतो. वाळता वाळता कापड आवळतं, कानशिलं ठणकू लागतात. मग व्यंकोबा पगडी अलगद उचलून घेतो, नारळाच्या करवंटीसारखी. डोक्याला वारा लागतो न लागतो तोच पुढचा ओला वेढा.

आज मात्र सेतूला जायचं होतं. स्टेशनात गाड्यांसाठी रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याची जागा निघाली होती. दुपारची गाडी यायच्या आत समोर येऊन उभा राहा, मास्तरांनी बजावलं होतं, नाहीतर तुझ्याच आळीतला रंगा आहे. व्यंकोबाला हे सांगून झालं होतं. "येवढी होऊं दे," तो म्हणाला होता. प्रत्येक पगडीला तेच म्हणाला होता.

चौकटीत कल्याणराम आला. बोर्डाचा कारकून, अंगात कोट, काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. उंबऱ्यावरच बसून त्याने तमिळमधून बोर्डाची थोरवी सांगितली, कारागिराच्या सोयीचा विचार आजवर कोणी केला होता का ते विचारलं, आणि फडकं सोडलं.

आत लाकडाचं डोकं होतं.

साक्कोट्टैच्या सुताराने फणसाचा ठोकळा नमुन्याच्या पगडीत बसवून, काढून, घासून, पुन्हा बसवून केलेलं. सेतूच्या कपाळाचा डावीकडचा उंचवटासुद्धा त्यावर उतरला होता.

"तंबी सुटला," धाकट्या भावाकडे बोट दाखवत कल्याणराम हसून म्हणाला.

सेतूच्या छातीत कोणीतरी ताडकन उठून उभं राहिलं. सेतू बसलेलाच.

मागचे हात थांबले. चुलीपाशी अंबुजावहिनीच्या बांगड्या थांबल्या.

या घरात लाकडावर पगडी बांधत ती गेलेल्या माणसाची. तेराव्याला, वारसाच्या डोक्यावर ठेवण्याआधी. वडिलांची व्यंकोबाने तशीच बांधली होती. कल्याणरामाला हे कोण सांगणार?

"अण्णा," सेतू ओठ तेवढे हलवून म्हणाला, "ठोकळ्यावर बांध. मी जातो."

"कोणाचें डोकें हें, पाहिलेंस?"

"लाकूड आहे."

"तुझें आहे. तूं तिकडे गाडीपुढे उभा, अन् मी घरांत बसून ह्याच्यावर तुझी पगडी बांधूं?"

व्यंकोबाने ओला वेढा ओढून आणखी घट्ट केला.

अंबुजावहिनी चौकटीत आली. ठोकळा पदराने उचलून तिने बाहेर नेला, ओट्यावर ठेवला आणि हात धुवायला परत गेली. आता सेतूला रस्ता दिसत होता, समया दिसत होत्या, आणि उन्हात, वाऱ्यात बसलेलं आपलं डोकं.

कल्याणरामाने खांदे उडवले. जशी तुमची रीत. पगड्या चांगल्या उतरताहेत म्हटल्यावर बोर्डाला काय? आणि मायावरम, नागपट्टणहूनही मागणी यायची आहे, हे त्याने उठता उठता सांगितलं. व्यंकोबाने मागूनच हात जोडले असावेत, कारण क्षणभर कापड सैल झालं.

क्षणभरच.

त्या क्षणात सेतूला उठता आलं असतं.

"काय रे, देव बसलाय का मखरांत?" ओट्यावर रंगा उभा होता, उघड्या डोक्याचा. त्याने ठोकळ्यावर टिचकी मारली. "येतोस, की मी जाऊं?"

सेतू काही बोलायच्या आत कल्याणरामाला युक्ती सुचली. वाळलेल्या पगड्यांतली एक उचलून त्याने रंगाच्या डोक्यावर ठेवली. स्टेशनात दिसू दे, तो म्हणाला, रेल्वेचीही मागणी येईल. पगडी जरा सैल होती. रंगाने ती कानांवर दाबली, ऐटीत मान उजवीकडे फिरवली, डावीकडे फिरवली.

शिटी झाली.

रंगा पळत उजवीकडे वळला. तो चौकटीबाहेर गेला, आणि त्याच्याबरोबर सेतूच्या मापाची पगडी. ओट्यावर ठोकळा राहिला.

व्यंकोबाने शेवटचा पीळ खोचला. हात आता फार मऊ झाले होते.

"दुखतें का रे?" त्याने विचारलं.

खळ वाळू लागली होती. सेतूने मान हलवली नाही.