आवाजावर दाबू नका

डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टर वीस वर्षं नजरेचा घेर तपासणाऱ्या याच यंत्रापुढे पेशंटना बसवून बजावत आली होती, "ठिपका चमकला की बटण दाबायचं. नुसत्या टिकटिकीवर दाबाल तर फसाल." परवा तिला स्वतःलाच दाराची चौकट दिसली नाही, खांदा आपटला, तेव्हा काचबिंदूने दृष्टी गेलेली आई आठवली. आज बटण तिच्याच हातात होतं. "आधी चांगला डोळा घे," तिने हाताखालच्या नर्सला सांगितलं. टिक झालं, ठिपका दिसेना. दुसऱ्यांदा टिक झालं, पडदा कोराच. तिसऱ्यांदा तिने गुपचूप बटण दाबलं. "ताई, आवाजावर दाबताय," नर्स हळूच म्हणाली. अशा लबाडांच्या कानांत सिस्टर घालायची, तसे कापसाचे बोळे तिने सिस्टरच्याच कानांत घातले. मधोमध चार ठिपके दिसले, मग काहीच नाही. "यंत्र थांबवलंस का गं?" नर्सने बोळा काढला. टिकटिक चालूच होती.