एक लाख तीन

फागीने पदराखालून लेकीची वही काढून हर्षदाबाईंच्या टेबलावर ठेवली आणि मंगळी आता शाळेत येणार नाही, असे सांगितले. सूर्यमाळच्या शाळेचा नव्या वर्षाचा तो दुसराच दिवस होता. पोर काल मामाबरोबर भिवंडीला गोदामात कामाला गेली होती.

बाई चिडल्या. जव्हारच्या वसतिगृहात मंगळीचे नाव घालायचे, हे दिवाळीतच ठरले होते ना? आईबापांनीच पाठवली असणार, असे त्या तोंडावर बोलल्या.

"बाप तं नको जाऊ म्हणत व्हता," फागी म्हणाली. "तीच आयकंना. बाईंच्या आकड्याला भाग जात नाय, माझं डोकं शाळेचं नाय, म्हणली."

दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर निघणाऱ्या प्रत्येक मुलाला बाई एक मोठी संख्या लिहून द्यायच्या. तिचे विभाजक शोधून आणायचे, म्हणजे पाढे गंजत नाहीत. मंगळी हुशार, तिला तिच्या तोलाची संख्या हवी. बाहेर टेम्पो हॉर्न देत होता. बाईंनी मनाला आली ती लिहिली, एक लाख तीन, आणि वर सांगितले, विभाजक आण, वसतिगृहात तुझे नाव मी स्वतः घालते. उचलली जीभ लावली टाळ्याला. संख्या तपासून पाहायचे काही त्यांना सुचले नाही.

आता त्यांनी वही उघडली. विटांच्या धुळीने लाल झालेल्या पानांवर भागाकारच भागाकार होते. दोनने, तीनने, चारने, पाचने. बाकी उरली की पुढचा. पाने उलटता उलटता बाईंच्या ध्यानात आले. ही तर मूळ संख्या. हिला मधल्या कशानेच भाग जाणार नव्हता. तीनशे सोळापर्यंत, म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंत, करून पाहिले की तेवढे सिद्ध होते, पुढे जायची गरज नसते. पोरीने ते केव्हाच सिद्ध केले होते, पण हे तिला कुणी शिकवलेच नव्हते. म्हणून ती एक हजार नऊशे चौदापर्यंत गेली होती. बाईंना रडू आले आणि ते त्यांनी लपवले नाही.

फागी घाबरली. पोरीवर रागावू नका म्हणाली. दिवसभर विटा पलटायच्या आणि सांज झाली की हेच घेऊन बसायचे, असे तिचे चालले होते. मग तिने हळूच विचारले, "त्याला कश्यानं भाग जातं, तेवढं लिवून द्या बाई. फोनवर सांगन तिला. जीव तरी निवंल तिचा."

बाईंनी कोऱ्या कागदावर दोनच आकडे लिहिले. १, आणि त्याखाली १,००,००३.

फागीला वाचता येत नव्हते. तिने तो कागद वहीच्या पहिल्या पानाशेजारी धरला आणि बोट फिरवत दोन्हीकडची अक्षरे जुळवून पाहिली.

"ह्ये तं तिनं पयल्याच दिवशी लिवलं व्हतं," ती म्हणाली. "येवढं सोपं बाई देतील का, म्हणून मंग खोडलं."