पाल्याचा रस

"डोळे मिट आणि एका दमात संपव, बाळा," सासूबाई म्हणाल्या. दवाखान्याच्या खाटेवर बसून केतकीनं पपईच्या पाल्याचा रस तोंडाला लावला. लग्नाला वर्ष होत आलं तरी सासूबाई तिच्याशी कधी धड बोलल्या नव्हत्या. पण मलेरियानं तिच्या प्लेटलेट्स उतरल्या आणि सासूबाई उशाशी येऊन बसल्या. शेजाऱ्यांची परसं पालथी घालून पाला आणायच्या, स्वतः वाटायच्या. बोटं हिरवीगार झाली होती.

रस काही पोटात टिकत नव्हता. केतकी बाथरूममध्ये जायची, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडायची आणि ओकायची. रसामागोमाग मलेरियाच्या गोळ्याही मोरीत जायच्या.

आज रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "आणखी उतरल्यात. मलेरिया हटला की त्या आपोआप वाढायला हव्यात. गोळ्या उलटून पडत नाहीत ना?"

"छे हो," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातचं सगळं राहतं तिच्या पोटात."

डॉक्टरीणबाई केतकीकडेच बघत राहिल्या. केतकीला फक्त ती हिरवी बोटं दिसत होती.

"नाही पडत," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई गेल्या. सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि दुसरा ग्लास काठोकाठ भरला. "आजपासून दोन घ्यायचे, बाळा."

केतकीनं तोही संपवला आणि तोंडावर हात दाबून बाथरूमकडे निघाली. दारात वॉर्डातल्या मावशी बादली घेऊन उभ्या होत्या.

"नळाला पाणी नाही, बाई. आता संध्याकाळीच येईल."