आरपार दिसणारी पिशवी

"बाईची लाज म्हणजे घराचं छप्पर!" सासरे गरजले. सदऱ्याची बटणं वरखाली लागल्यामुळे त्यांचं स्वतःचं छप्पर तेवढं कललं होतं. सून मशीनवर सॅनिटरी पॅडसाठी पिशवी शिवत होती. साहेबांनी ऑफिसात बजावलं होतं, "पॅड लपवून नेत जा." म्हणून तिनं मुद्दाम टेबलावरचं पारदर्शक प्लास्टिक कापलं. ते मशीनला चिकटायला लागलं तेव्हा खाली सासऱ्यांच्या वर्तमानपत्राचा अग्रलेख सरकवला. "अगं, आतलं सगळं दिसेल!" "दिसू दे की, बाबा. साहेबांच्या टेबलासमोरूनच मिरवत नेणार." "नोकरी गेली तर?" "पिशव्या शिवून विकेन. पहिली साहेबांच्या बायकोला." सासूबाईंनी आतून टाळी वाजवली. सासरे घुश्शात बाहेर गेले, परत आले आणि दार लोटून हळूच म्हणाले, "या वयात लघवी थांबत नाही गं. मलाही पॅड लागतात. एक माझ्यासाठी शिव, पण काळ्या कापडाची."