जिंकल्याची घंटा

“चार वर्षं न हरलेल्या संघाला आज पाडील तर माझा कोल्टच पाडील,” मांडीवरची घंटा कुरवाळत केंड्रा म्हणाली. मैदानाकडेला तिच्याशेजारी बसलेल्या रोंडाच्या पोटात दुखलं. टेक्सासमधल्या त्यांच्या गावची रीत होती, शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात जो गुण मिळवेल त्याच्याच आईने घंटा वाजवायची. रोंडाच्या क्लेटनने समोरच्यांना अंगावर घ्यायचं, चेंडू छातीशी धरून कोल्टने पळायचं आणि घंटा वाजायची केंड्राच्या हातात! “तुझा राजपुत्र, माझी नुसती भिंत,” रोंडा फणकारली. शेवटच्या डावात क्लेटनने तिघांना आडवं केलं आणि त्या फटीतून कोल्ट रेषेपार गेला. सामना जिंकला! गाव नाचू लागलं, पण घंटा वाजेना. क्लेटन अजून मैदानावर आडवाच होता. रोंडाने वळून पाहिलं. केंड्राने घंटेचा लोलक मुठीत आवळला होता. “तुझा उठू दे गं आधी,” ती म्हणाली, “मग तूच वाजव.”