फ्रान्सची सून

परदेशात, स्वोर्ड्स गावातल्या घरी प्रभाताई सुनेबरोबर टीव्हीवर फ्रान्सच्या राण्यांचा माहितीपट बघत होत्या. चौदा वर्षांच्या ऑस्ट्रियन नवरीचे माहेरचे कपडे सरहद्दीवरच उतरवले, मारिया अँटोनियाची मारी आंत्वानेत केली, हे ऐकून त्यांनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं.

"कपड्यांचं एक वेळ ठीक आहे गं निवेदिता, पण पोरीचं नावसुद्धा बदलायचं? सासरची माणसं म्हणायची की कोण!"

तेवढ्यात बेल वाजली. प्रभाताई पार्सल घेऊन आल्या, चष्मा लावून वाचू लागल्या.

"पत्ता आपलाच आहे, पण हे कुणा कीर्तीचं दिसतंय. पोस्टमन चुकला वाटतं."



"आपलंच आहे, आई. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी माझ्या आईच्या तोंडात 'निवेदिता' काही बसलं नाही."