साठ मोटारींतली एक

फौजदार गुप्त्यांनी वही उघडली आणि सुकरीपुढे सरकवली.

जव्हारात मोटारी मोजून चार, पण गुप्त्यांच्या वहीत साठ होत्या. विलायती मासिकांतून कापून खळीने चिकटवलेल्या. नुसतं मडगार्ड दाखवा, फौजदार मोटारीचं कूळ सांगायचे, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. आज मात्र त्यांनी प्रत्येक चित्राखालचं नाव कागदाच्या पट्टीने झाकलं होतं.

"घाई नको," ते म्हणाले. "बुधाला उडवून गेली ती यात असेल तर बोट ठेव. नसेल तर नाही म्हण."

आठ दिवसांपूर्वी जामसरच्या उतारावर म्हातारा बुधा मेला. मागून सुकरीच्या लेकाची, लक्ष्याची बैलगाडी आली. म्हाताऱ्याला उचलायला तो उतरला, कपडे रक्ताने भरले आणि लोकांनी त्यालाच धरून आणलं. आता तो पलीकडच्या कोठडीत होता. वर माळावर गुरं राखणाऱ्या सुकरीने मोटार पाहिली होती. पण आईच्या शब्दाला साक्ष कोण म्हणणार?

सुकरी पानं उलटू लागली. शंभर गुरांत परकं वासरू शिरलं तर तिला ते शेपटीवरून कळायचं. मोटारींकडेही ती तशीच बघत होती.

"ही नाय. हिला डोळे दोन." पान उलटलं. "ही नाय. हिच्या चाकांत काड्या."

कारकून तोंडावर हात धरून हसला. गुप्ते हसले नाहीत.

सत्ताविसाव्या पानावर तिचं बोट टेकलं. "ही."

"कशावरून?"

"हिला नाकच नाय. कपाळापासून खाली घसरलेली. डोळा एकच, मधी. चाकां भाकरीसारखी सपाट." तिने आणखी दोन पानं उलटली. "आन ही पण तीच. पाठमोरी."

गुप्त्यांनी भिंग काढलं. ती पाठमोरी मोटार कुठली, हे त्यांना तीन वर्षं उमगलं नव्हतं. तिच्याखाली त्यांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. दोन्ही चित्रांत चाकावरचे नट मोजले. इथे सात, तिथेही सात.

"शाबास!" ते खुर्चीतून उठलेच. फ्रान्सातल्या एका बुडालेल्या कारखान्याची मोटार. अख्ख्या मुंबई इलाख्यात तीन असतील-नसतील. असली मोटार सुकरीने मनाने रचून सांगणं शक्यच नव्हतं.

मोखाड्याकडच्या लाकूडठेकेदाराकडे अशी मोटार असल्याची बोलवा होती. ठेकेदार म्हणत होता, माझी मोटार साधी अमेरिकन, ती मुंबईला दुरुस्तीला गेलीय. खरं काय ते सांगू शकेल असा एकच माणूस होता, ती मोटार रोज पुसणारा जिवा. आणि जिवा सुकरीचा सख्खा भाऊ. त्याला बोलावणं गेलं तेव्हा सुकरीचा जीव भांड्यात पडला. परवाच घरी येऊन तो म्हणाला होता, "बाय, तू मोटार ओळख. पुढचां मी बघतो. लक्ष्या माझा पण पोर आहे."

जिवा आत आला. अंगात नवा खाकी कोट, छातीवर ड्रायव्हरचा बिल्ला. परवापर्यंत तो फडकं मारणारा क्लीनर होता. कोट बघून सुकरीला बरंच वाटलं. भावाचं भलं झालं, एवढंच तिच्या मनात आलं.

गुप्त्यांनी वही त्याच्यापुढे धरली. "तुझ्या शेटची मोटार हीच ना?"

जिवा चित्राकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ.

"नाय साहेब. असली मोटार मी कधी पाहली नाय."

"जिवा!"

"बाय, तू लांबून पाहलां. उन्हात माणूस चुकतो."

सुकरीला आधी रागच आला नाही. बिचारा कचेरीला भ्यालाय, असं तिला वाटलं. लक्ष्याचं जावळ याच्याच मांडीवर उतरलं होतं. तो लक्ष्याला टाकेल कसा?

"साहेब, माझ्या लेकाला आणा," ती म्हणाली. "त्याच्या डोक्यावर हात ठेवून याला सांगू दे. मामा भाच्याच्या डोक्यावर हात ठेवून खोटां बोलत नाय. बोलला तर भाचा जगत नाय."

"आणि मग तो बोलेल ते तुला मान्य?"

"मान्य."

"विचार कर, बाई."

"विचार काय करायचा? माझा भाऊ आहे तो."

लक्ष्याला आणलं. हाताला दोरी होती. मामाला बघून तो हसला आणि आपणहून त्याच्यापुढे खाली बसला. जिवाने कोटाची बाही वर सारली. हात भाच्याच्या डोक्यावर ठेवला.

"ही मोटार मी कधी पाहली नाय."

आवाज स्वच्छ होता. कुठे अडखळला नाही.

गुप्त्यांनी वही मिटली. ठेकेदार, मोटार, कचेरी, कशाचंच सुकरीला काही वाटेना. आपल्याच आईच्या पोटच्याने आपल्याला एका कोटासाठी विकलं, एवढंच तिला कळत होतं. आणि शपथ तिनेच मागितली होती.

कारकूनही खाली बघत होता. जिवा होता तसाच उभा होता, हात भाच्याच्या डोक्यावर.

"मामा," लक्ष्या मान न उचलता म्हणाला, "झालां ना? आता हात काढ."